पंपावर पोहोचलात? आधी गाडीतून उतरा

पुण्यात नवी गाडी घेतलेली किंवा नुकतंच चालवायला शिकलेली माणसं पंपावर ओळखू येतात. काच चार बोटं खाली होते, आतून "हजारचं टाका" असा आवाज येतो आणि डोकं पुन्हा मोबाइलमध्ये जातं. आपल्याकडे पेट्रोल भरायचं काम पंपावरचा माणूस करतो, त्यामुळे आपल्याला काही करायचंच नाही असा समज होतो. काम खरंच थोडं आहे, पण ते गाडीत बसून होत नाही. या लेखातला निम्मा सल्ला एका वाक्यात मावतो: इंजिन बंद करा, खाली उतरा आणि मशीनसमोर उभे राहा. उरलेला निम्मा पुढे सांगतो.

घरातून निघण्याआधी

तीन गोष्टी पार्किंगमध्येच बघून ठेवा. पहिली, टाकीचं झाकण कोणत्या बाजूला आहे. मीटरवर पेट्रोल पंपाचं छोटं चित्र असतं आणि बहुतेक नव्या गाड्यांत त्याच्या शेजारी एक बारीक बाण असतो. बाण ज्या बाजूला, झाकण त्या बाजूला. दुसरी, ते झाकण उघडतं कसं. काही गाड्यांत सीटच्या डावी-उजवीकडे खाली खटका असतो, काहींत झाकण नुसतं दाबायचं असतं. रांगेत मागचा हॉर्न वाजवत असताना हा खटका शोधणाऱ्याची अवस्था बघवत नाही. तिसरी, झाकणाच्या आत चिकटवलेलं इंधनाचं स्टिकर. गाडी पेट्रोलची की डिझेलची हे तुम्हाला माहीत असतंच, पण मित्राची किंवा भाड्याची गाडी असेल तर स्टिकर वाचल्याशिवाय तोंड उघडू नका.

आता पंपांवर मिळणारं साधं पेट्रोल ई-२० असतं, म्हणजे त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं असतं. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे रबरी भाग आणि पाइप ते गृहीत धरूनच बनवलेले आहेत. त्याआधीची सेकंडहँड गाडी घेतली असेल तर सर्व्हिसिंगच्या वेळी इंधनाच्या नळ्या आणि सील बघायला सांगा. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं घसरलं तर लगेच मेकॅनिकच्या नावाने बोटं मोडू नका.

टाकी पाव भागाच्या खाली जाऊ देऊ नका. जानेवारी २०२४मध्ये ट्रकचालकांच्या आंदोलनाची बातमी आली आणि राज्यभरात पंपांवर रांगा लागल्या. अर्धी टाकी असलेली मंडळी तेव्हा घरी निवांत होती. भाव वाढणार म्हणून आदल्या रात्री धावत सुटण्याचे दिवस मात्र गेले. १६ जून २०१७पासून दर रोज सकाळी ६ वाजता ठरतात आणि एरवी फरक पडला तरी पैशांतच पडतो.

वेळ आणि रांग

ऑफिस सुटायच्या वेळी कर्वे रस्ता, सिंहगड रस्ता किंवा बाणेरच्या पंपावर जाणं म्हणजे हौस आहे. दुपारी १ ते ४ या वेळेत पुण्यातली दुकानं विश्रांती घेत असली तरी पंप घेत नाहीत, आणि तेव्हा गर्दीही कमी असते. रात्री उशिरा जायचं असेल तर भरपूर उजेड आणि वर्दळ असलेला पंप निवडा.

सकाळी थंडीत पेट्रोल घट्ट असतं, म्हणून तेव्हा भरलं की जास्त मिळतं, असं एक आजोबा तुम्हाला सांगतीलच. साठा जमिनीखालच्या टाकीत असतो आणि तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. सकाळी जा, पण गर्दी टाळायला जा.

पंपावर टँकर रिकामा होताना दिसला तर पुढचा पंप गाठा. त्या वेळी परिसरात वाफ जास्त असते, आणि टाकीच्या तळाचा गाळही ढवळला जातो.

आत शिरताना वेग चालण्याइतका ठेवा. आपल्या पंपांवर दुचाकी कुठूनही येतात, अगदी बाहेर जायच्या वाटेनेसुद्धा. कोणत्या मशीनवर पेट्रोल, कोणत्यावर डिझेल आणि कोणत्यावर महागडं प्रीमियम आहे हे वरच्या पाटीवर वाचून मगच रांग धरा. झाकण पलीकडच्या बाजूला असेल आणि पाइप पोहोचत असेल तर पंपावरचा माणूस तो गाडीवरून ओढून घेईल, पण पाइप ताणून भरण्यापेक्षा योग्य बाजूची रांग बरी.

थांबल्यावर

हँडब्रेक लावा आणि इंजिन बंद करा. मे महिन्यातल्या उन्हात एसी चालू ठेवून बसायचा मोह होतो, पण इंजिन चालू ठेवून इंधन भरायचं नाही. यावर वाटाघाट नाही. पेट्रोलला पेटण्याइतकी वाफ सोडायला उन्हाळा लागत नाही. उणे ४० अंशांच्या आसपासही ते तेवढी वाफ सोडतं. ही वाफ हवेपेक्षा जड असते, वर उडून जात नाही. ती फरशीलगत पसरत जाते, म्हणून दहा पावलांवर लांब उभं राहून सिगारेट ओढणाराही सुरक्षित नसतो. दुचाकीवाल्यांनी गाडीवरून उतरायचं, मागच्यानेही.

उतरल्यावर दार किंवा गाडीचा कोणताही उघडा धातूचा भाग हाताने शिवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्याची हवा इतकी कोरडी होते की सिंथेटिक कपडे घालून सीटवरून सरकत उतरलं की दाराला हात लावताच चटका बसतो. तो चटका टाकीच्या तोंडाशी बसू नये, एवढ्यासाठी हे. भरणं चालू असताना पुन्हा आत बसू नका, पर्स घ्यायलासुद्धा. लहान मुलं असतील तर पेट्रोल भरताना त्यांना काचा वर करून आतच बसू द्या. पंपाच्या आवारात मोकळं सोडलेलं पोर ही नोझलपेक्षा मोठी काळजी आहे.

मोबाइलचं काय? साधा फोन ज्वालाग्राही वाफेच्या जागी वापरण्यासाठी बनवलेला आणि तपासलेला नसतो, म्हणून पाटीवर मनाई असते. मला दुसरं कारण जास्त पटतं: फोनवर बोलणारा माणूस मीटरकडे बघत नाही. यूपीआयने पैसे द्यायचे असतील तर नोझल परत जागेवर गेल्यावर, मशीनपासून बाजूला होऊन द्या.

झिरो

आता मुख्य काम. चांगल्या पंपावर भरणारा दादा किंवा ताई स्वतःच हात करून म्हणतात, "झिरो बघा साहेब." बघाच, आणि "बघितलं" असं मोठ्याने म्हणा. मशीनवर तीन आकडे असतात: रक्कम, लिटर आणि दर. रक्कम आणि लिटर दोन्ही शून्य हवेत. दर पाटीवरच्या दराशी जुळायला हवा. साधं पेट्रोल मागितलं आणि दर बराच जास्त दिसला तर तुम्ही प्रीमियमच्या नोझलसमोर आहात. इंडियन ऑइलचं एक्सपी९५, भारत पेट्रोलियमचं स्पीड, हिंदुस्तान पेट्रोलियमचं पॉवर, ही सगळी चांगली इंधनं आहेत, पण गाडीच्या पुस्तकात तसं सांगितलं नसेल तर रोजच्या हॅचबॅकला त्याची गरज नाही. "साहेब, स्पीड टाकू?" याला "साधं" एवढं उत्तर पुरे.

रक्कम सांगताना शब्द गिळू नका. "पेट्रोल, पंधराशेचं, साधं." मग मशीनवर १५०० दाबलेलं दिसेपर्यंत थांबा. फसवणुकीची जुनी तऱ्हा साधी असते. एक जण नोझल धरतो, दुसरा त्याच वेळी तुमच्या काचेशी येऊन "कार्ड की कॅश?" विचारतो, आणि तुम्ही मान वळवता तेवढ्यात आधीच्या गिऱ्हाइकाच्या आकड्यावरून पुढे भरणं सुरू होतं. किंवा पंधराशे सांगितल्यावर पाचशेला मशीन थांबतं, "अरे, ऐकायला चुकलं" म्हणत झिरो न करता उरलेलं भरल्याचं नाटक होतं. अशा वेळी भांडण न करता म्हणा, "पाचशेचं बिल द्या, मग नवीन झिरो करून हजारचं टाका." बहुतेक पंपांवर हे कधीच होत नाही. पण जिथे होतं तिथे ते गाडीत बसलेल्याच्या वाट्याला येतं.

११०, २१० किंवा १०२० असं विचित्र आकड्यांचं पेट्रोल भरलं की चोरी होत नाही, ही समजूत मात्र सोडा. मशीनमध्ये कुणी गडबड केली असेल तर ती लिटर मोजण्यातच असते. तुमची रक्कम गोल आहे की तिरपी याच्याशी तिला देणंघेणं नसतं.

छापील बिल मागा. नाही म्हणाले तर आग्रह धरा. त्यावर नोझल, लिटर, दर आणि वेळ असते, आणि पुढे तक्रार करायची वेळ आली तर तेवढंच हातात राहतं.

"राउंड फिगर करू का?"

टाकी फुल करायला सांगितली की नोझल एका क्षणी खट् आवाज करून आपोआप थांबतं. नोझलच्या टोकाशी एक बारीक भोक असतं. पेट्रोल वर येऊन ते बुजलं की आतला दाब बदलतो आणि खटका सुटतो. पंपावरच्या भाषेत याला ऑटो कट म्हणतात. यानंतर हमखास प्रश्न येतो, "२,८६४ झाले, राउंड फिगर करू का?" आणि आपण मराठी माणसं सुट्ट्या पैशांच्या भीतीने "करा" म्हणतो.

करू नका. ऑटो कटनंतर टाकीत जी जागा उरते ती मुद्दाम ठेवलेली असते, इंधन प्रसरण पावायला आणि वाफ मावायला. तिथे पेट्रोल कोंबलं तर ते वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये शिरतं, आणि तो खराब झाला की बदलायचा खर्च तुमचा. शिवाय दुपारच्या उन्हात उतारावर लावलेल्या गाडीच्या झाकणातून पेट्रोल पाझरतं. यूपीआयच्या काळात २,८६४ रुपये द्यायला काय अडचण आहे?

"उन्हाळ्यात टाकी फुल केली तर स्फोट होतो" हा व्हॉट्सॲपवरचा संदेश दर एप्रिलमध्ये उगवतो. तेल कंपनीनेच याचं खंडन केलेलं आहे: कंपनीने ठरवलेल्या क्षमतेपर्यंत टाकी कोणत्याही ऋतूत भरता येते. ऑटो कटला थांबलात की झालं.

झाकण लावताना टक्-टक् आवाज येईपर्यंत फिरवलं जातंय ना, हेही बघा. गाडीच्या टपावर विसरलेलं झाकण पुढच्या चौकात सापडत नाही.

शंका आली तर

मापाबद्दल शंका आली तर प्रत्येक पंपावर ५ लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं आणि ग्राहकाने मागितल्यावर ते दाखवावं लागतं. त्यावर वैधमापन विभागाचा, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा शिक्का असतो, तो बघा. माप सपाट जागी ठेवून त्यात मशीनवरचे ५ लिटर भरायचे आणि मापाच्या गळ्यावरची खूण वाचायची. २५ मिलीपर्यंत फरक चालतो. त्याहून कमी भरलं तर त्या नोझलवरून विक्री थांबवायला सांगता येतं. पुण्यात पोलीस कल्याणच्या पंपांवर लोक रांग लावतात ती या मापावरच्या भरवशापोटीच, पण मागायचा हक्क सगळीकडे सारखा आहे.

भेसळीची शंका असेल तर फिल्टर पेपर मागा, तो मोफत द्यायचा असतो. नोझलचं तोंड पुसून त्यावर पेट्रोलचा एक थेंब सोडा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. शुद्ध पेट्रोल उडून जातं. फिकट गुलाबीसर छटा राहिली तर तो पेट्रोलचा रंग असतो, गडद तेलकट डाग राहिला तर मॅनेजरला बोलवा. घनतेचा आकडाही पंपावर लिहिलेला असतो. पेट्रोलची घनता १५ अंश सेल्सिअसला दर घनमीटरला ७२० ते ७७५ किलो या मर्यादेत असते. तक्रार वही मागून लिहा, आणि काहीच हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

हे सगळं रांगेत मागे दहा गाड्या असताना करायला धीर लागतो, हे कबूल. म्हणून शंका असेल तर गर्दी नसताना त्याच पंपावर पुन्हा जा.

सीएनजीवाल्यांसाठी

पुण्यात सीएनजी म्हणजे रांग, आणि रांगेत तुमच्या पुढे रिक्षा. पुणे परिसरात हा गॅस महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेड, म्हणजे एमएनजीएल पुरवते. रांगेत लागण्याआधी पुढच्या रिक्षावाल्या काकांना एकच प्रश्न विचारा, "प्रेशर आहे का?" ते खरं सांगतात. पाइपलाइनला जोडलेल्या मदर स्टेशनवर कॉम्प्रेसर तिथेच असतो. डॉटर स्टेशनवर गॅस ट्रकवरच्या सिलिंडरांतून येतो, आणि ते रिकामे होत आले की दाब पडतो. मग अर्धा तास उभं राहून सिलिंडर पाऊणच भरतो. पूर्ण भरणं म्हणजे सुमारे २०० बारचा दाब. उन्हाळ्यात भरताना गॅस तापतो, म्हणून दाब पूर्ण दिसूनही वजनाने गॅस थोडा कमी बसतो. यात फसवणूक नाही. सीएनजी किलोवर मिळतो, तेव्हा मशीनवर किलो बघा.

इथे नियम पेट्रोलपेक्षा कडक आहे: सगळ्यांनी उतरायचं. झोपलेलं बाळ, गुडघे दुखणाऱ्या आजी, सगळे. आजींना आधी सावलीत उतरवा आणि मग गाडी मशीनजवळ न्या, म्हणजे त्यांची धावपळ होत नाही. भरायचा व्हॉल्व्ह बऱ्याच गाड्यांत बॉनेटखाली असतो, नव्यांत पेट्रोलच्या झाकणाशेजारी. व्हॉल्व्हच्या समोर उभे राहू नका, बाजूला राहा. पाइप काढून व्हॉल्व्हवर टोपी बसलेली स्वतः बघितल्याशिवाय गाडी सुरू करू नका.

सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने केलेली मजबुतीची तपासणी, दर ३ वर्षांनी करावी लागते. तारीख गाडीवरच्या पट्टीवर असते, आणि ती उलटून गेली असेल तर पंपावर गॅस नाकारतात. नाकारलाच पाहिजे, २०० बारचा दाब सोसणारं भांडं आहे ते. बाहेरून बसवलेलं किट असेल तर ते आरसी बुकात नोंदलेलं हवं. गाडीत सडक्या कोबीसारखा वास आला तर काचा उघडा, गाडी मोकळ्या जागी थांबवा, इंजिन बंद करा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. सीएनजी हवेपेक्षा हलका असतो, वर निघून जातो, त्यामुळे बंद बेसमेंटपेक्षा उघडा रस्ता केव्हाही बरा.

डिझेलच्या गाडीत पेट्रोल

पेट्रोलचं नोझल डिझेल गाडीच्या टाकीत सहज जातं, आणि रात्री थकलेल्या माणसाकडून ही चूक होते. लक्षात येताच भरणं थांबवा आणि चावी लावू नका. बटण स्टार्टची गाडी असेल तर बटणाला हातसुद्धा लावू नका, कारण नुसतं इग्निशन चालू केलं तरी पंप टाकीतलं मिश्रण पुढे ढकलू लागतो. डिझेल हे त्या पंपाचं वंगणही असतं. पेट्रोल ते वंगण काढून टाकतं आणि पंप-इंजेक्टरचा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. गाडी न्यूट्रलला टाकून ढकलत बाजूला घ्या, मॅनेजरकडून बिलावर झालं ते लिहून घ्या आणि टो करून वर्कशॉपला न्या. टाकी वेळेत रिकामी केली तर बहुतेक वेळा निभावतं.

सांडलं किंवा पेटलं तर

फरशीवर पेट्रोल सांडलं तर त्यावर वाळू पडेपर्यंत गाडी सुरू करू नका. कपड्यांवर उडालं तर ते आधी पाण्याने भिजवा आणि मग उतरवा. डोळ्यांत गेलं तर १५ मिनिटं स्वच्छ पाण्याने धुऊन दवाखाना गाठा.

भरताना टाकीच्या तोंडाशी ज्वाळा दिसली तर नोझल ओढून काढायचं नाही. ओढलं की आग पाइपभर पसरते. ओरडा आणि मागे सरा. पंपावरच्या लोकांना आपत्कालीन बटण आणि पावडरचं अग्निशामक नळकांडं वापरायचं शिक्षण असतं. पेट्रोलवर पाणी ओतू नका, ते पाण्यावर तरंगून आग पुढे नेतं. गाडीत आपली माणसं असतील तर दारं उघडून त्यांना बाहेर काढा, गाडी वाचवायला आत बसू नका. अग्निशमन दलाचा नंबर १०१.

बाटलीत किंवा साध्या कॅनमध्ये पेट्रोल मागू नका. नकार मिळाला तर तो माणूस आपलं काम नीट करतोय असं समजा.

आता आरामाचं

हवा, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह या पंपावरच्या मोफत सोयी आहेत; पेट्रोल घेतलं नाही तरी. स्वच्छतागृहाला कुलूप असेल तर चावी मागा, संकोच करू नका. प्रवासात असलेल्या बायकांनी तर मुळीच नाही. हवा टायर गार असताना भरावी, म्हणजे घराजवळच्या पंपावर, लांबचा प्रवास करून आल्यावर नव्हे. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं. "सगळीकडे पस्तीस" असं ठोकून देणाऱ्याचं ऐकू नका. स्टेपनीत हवा आहे का तेही एकदा बघून घ्या. नायट्रोजनचे पैसे घेतात, तो ऐच्छिक आहे.

पुण्याबाहेर पडताना घाटाच्या अलीकडे टाकी भरण्याची सवय लावा. ताम्हिणीला निघालात तर पिरंगुट-पौडला, वरंध्याला निघालात तर भोरला, माळशेजला निघालात तर आळेफाट्याला. घाटात धुकं, पाऊस आणि पहिल्या गिअरवरची चढण, तिथे काटा खाली जाताना बघत बसणं नको. सीएनजीची गाडी असेल तर पेट्रोलची टाकीही भरून घ्या, कारण आडवाटेला सीएनजी पंप सापडेलच याची खात्री नसते. धो-धो पावसात, आवारात पाणी तुंबलेल्या पंपावर पेट्रोल भरणं टाळा. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि मग टाकीच्या तळाशी पाणी व इथेनॉलचा वेगळा थर साचतो. अशा पंपावरून निघाल्यावर गाडी धक्के देऊ लागली तर रेटत चालवू नका. बाजूला घ्या, बंद करा आणि बिल सांभाळून ठेवा.